नंबर वन भाऊंना खुलं पत्र

प्रति,
श्री. गाडीतज्ज्ञ भाऊ,
राजकमल चौकातली पानटपरी, रोज संध्याकाळी,
अमरावती.

भाऊ,

नाव टाकलं नाही म्हणून रागावू नका. टाकलं असतं तर बाकीच्यांना वाटलं असतं, हे पत्र आपल्याला नाही. आमच्या अकोल्यातही टॉवर चौकापासून गोरक्षण रोडपर्यंत तुमच्या शाखा आहेत. प्रत्येक शाखेत एक भाऊ खर्रा घोटत घोटत बीएमडब्ल्यूला पाडतो आणि मर्सिडीजला निवडून आणतो.

गुन्हा काय, ते आधी सांगतो. ‘जे जास्त खपते थेच भारी रायते, बाप्पा,’ हे वाक्य तुम्ही कित्येक वर्षं वऱ्हाडात फुकट वाटत आहात. त्या वाक्यावर विसंबून किती जणांनी सातबाऱ्यावर बोजा चढवला, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. तुम्ही तर नाहीच. तुम्ही फक्त गाड्यांच्या खपाचा हिशोब ठेवता.

तर तोच उघडू. २०१० साली भारतात बीएमडब्ल्यूने ६,२४६ गाड्या विकल्या, मर्सिडीजने ५,८१९ आणि ऑडीने ३,००३. तेव्हा तुमचा निकाल होता की मर्सिडीज म्हाताऱ्यांची, खरी गाडी बीएमडब्ल्यू. २०१३ मध्ये ऑडीने १०,००२ गाड्या विकून दोघींना मागे टाकलं, आणि चार कड्या तुमच्या मोबाइलच्या कव्हरवर आल्या. २०१५ मध्ये मर्सिडीजने १३,५०२ चा आकडा गाठून पहिली जागा परत घेतली, ती आजतागायत सोडलेली नाही. तुम्ही लगेच म्हणालात, ‘मी तं पयलेपासूनच सांगत होतो.’ हो भाऊ, पयलेपासून. फक्त दर दोन-तीन वर्षांनी नाव बदलून.

२०२४ मध्ये मर्सिडीज १९,५६५, मिनी धरून बीएमडब्ल्यू १५,७२१, आणि ऑडी ५,८१६. ऑडी २०१५ मध्ये ११,१९२ वर होती. तुमच्या शास्त्राप्रमाणे नऊ वर्षांत ऑडी निम्म्याने बिघडली. काय झालं तिला? पत्रा पातळ झाला, की दरवाजे कुरकुरायला लागले? तसलं काही नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि ऑडीने भारतात डिझेल सोडून फक्त पेट्रोल ठेवलं. मोठी गाडी म्हणजे डिझेलच, अशी समजूत असलेल्या देशात गिऱ्हाईक शेजारच्या शोरूममध्ये गेलं. गाडी होती तशीच आहे.

आणखी एक दाखला देतो, कारण तुम्हाला कोर्टाच्या बातम्या आवडतात. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का उपकर घेऊन ती पुन्हा सुरू केली. मधल्या आठ महिन्यांत तिथे या मोठ्या डिझेल गाड्या खपल्याच नाहीत. म्हणजे डिसेंबरात त्या खराब झाल्या आणि ऑगस्टात दुरुस्त झाल्या, असंच ना?

आकडा कसा बनतो हे पाहायचं तर आपल्याला दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मातब्बर मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार ६५ कोटींचा. त्यातले ४० कोटींहून जास्त स्टेट बँकेने कर्ज म्हणून दिले, ७ टक्के व्याजाने. देशभर कौतुक झालं. मागास मराठवाड्याने कशी कात टाकली, त्याचे रकाने भरले. पी. साईनाथ यांनी मात्र ‘द हिंदू’त साधा प्रश्न विचारला: ट्रॅक्टरला काय दर आहे? तो होता त्याच्या दुपटीच्या आसपास.

तुमच्या कामाची गोष्ट यात वेगळीच आहे. मर्सिडीजने त्या अख्ख्या वर्षात देशभर विकल्या ५,८१९ गाड्या. त्याच्याशी तुलना केली तर एका गावची ही एक खरेदी अडीच टक्क्यांवर जाते. सगळ्यांनी मिळून ठरवलं, घाऊक सवलत मागितली, बँकेने स्वस्तात पैसे दिले, आणि शर्यतीत मागे पडलेल्या कंपनीला एका झटक्यात हात मिळाला. भाऊ, याला भिशी म्हणतात. तुम्ही याला क्वालिटी म्हणता. आणि ऑडीची जुळणी होते ती शेंद्र्याला, त्याच शहराच्या वेशीवर. गावातली सोडून मंडळींनी चाकणची आणली. तुमच्यासारख्या देशीवादी माणसाला हे तेव्हा खटकायला हवं होतं.

आता तुमच्या लाडक्या पांढऱ्या फॉर्च्युनरकडे येतो. जर्मन तिघी लग्नात मांडवासमोर उभ्या करायच्या, पण तिकीट मागायला मुंबईला जायचं तर फॉर्च्युनरच, हेही शास्त्र तुमचंच. ऑगस्ट २००९ मध्ये ती भारतात आली आणि आज ती एकटीच मर्सिडीजच्या सगळ्या मॉडेलांच्या बेरजेहून जास्त खपते. तुमच्या नियमाने ती मर्सिडीजपेक्षा भारी ठरली. हे ऐकवलं की तुम्ही सुपारी थुंकून म्हणता, ‘थे तुलना अलग हाय.’ अलग कशी? सांगाडा हायलक्स पिकअपचा, इनोव्हा क्रिस्टाचा. इंजिन दणकट, मेकॅनिक गावोगावी, आणि जुनी विकायला काढली तरी भाव टिकतो. हे तिचे खरे गुण आहेत आणि ते मी नाकारत नाही. पण मागच्या सीटवर बसून अमरावतीहून परतवाड्याला गेलेल्या म्हातारीला विचारा, कंबर काय म्हणते.

त्या बाबतीत फोर्डची एंडेव्हर सरस होती, हे दोन्ही चालवलेले लोक आजही सांगतात. कुठे आहे ती? ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. चांगली होती आणि गेली. तुमच्या शास्त्रात ही गोष्ट बसतच नाही, म्हणून टपरीवर तुम्ही तिचं नावही काढत नाही.

नंबरप्लेटचा विषय मी टाळणार होतो, पण राहवत नाही. ८०५५ लिहून त्यात ‘बॉस’ वाचायला लावणं हेसुद्धा तुमच्या मते क्वालिटीचंच लक्षण. ऑगस्ट २०२४ पासून महाराष्ट्रात चारचाकीसाठी ०००१ या नंबरची फी तीन लाखांवरून पाच लाख झाली. तेवढ्या पैशात एक अख्खी छोटी कार येते. ती मात्र दारात लावली तर तुम्ही ओळख दाखवणार नाही.

माझा साळा मूर्तिजापूरला असतो. तुमच्याच एका शाखेच्या सल्ल्याने त्याने जुनी जर्मन एसयूव्ही घेतली. कोणती ते सांगत नाही. या गाड्यांची किंमत तीन-चार वर्षांत निम्म्यावर येते, म्हणून ‘अर्ध्या भावात पूरा रुतबा’ असं तुमच्या माणसाने सांगितलं. किंमत का पडते, ते नाही सांगितलं. पहिल्या उन्हाळ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मूर्तिजापूरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, हात जोडले आणि बंद केलं. गाडी ट्रकवर चढून नागपूरला गेली. एस्टिमेट आलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘अबे, हे बिल हाय का खरेदीखत?’ नंबर वन असलेल्या कंपनीच्या गाडीचा सुटा भाग विदर्भात किती दिवसांत मिळतो, हा आकडा तुमच्या तोंडून आम्ही कधीच ऐकला नाही.

बिघाडांचे आकडे नसतात असं नाही. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था दरवर्षी तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारते की काय काय बिघडलं. २०२३ च्या पाहणीत सगळ्यात वर होती लेक्सस, १०० गाड्यांमागे १३३ तक्रारी. सगळ्यात खाली लँड रोव्हर, २७३ तक्रारी. पाहणी अमेरिकेतली आहे, तिथले रस्ते आणि मालक वेगळे, हे मान्य. पण आपल्याकडे बघा: लेक्सस २०१७ मध्ये आली, आणि तुमच्यापैकी निम्म्या भाऊंना ती टोयोटाचीच बहीण आहे हे ठाऊक नाही. लँड रोव्हरची डिफेंडर मात्र रीलमध्ये दिसली की सगळे खर्रा खाली ठेवतात. यादीत जी शेवटची, ती तुमच्या वॉलपेपरवर पहिली.

‘जर्मन इंजिनिअरिंग’ हा शब्द उच्चारताना तुमचा आवाज देवळात बोलल्यासारखा होतो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघड केलं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये धुराच्या चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. त्यानंतर ऑडी आणि स्कोडा धरून भारतात त्या समूहाच्या ३,२३,७०० गाड्या परत बोलवायची घोषणा झाली. इंजिनिअरिंग होतंच, फक्त ते वेगळ्या कामाला लावलं होतं. जपानी पार्टीने फार हसू नये. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटानेच कबूल केलं की काही डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत विक्रीच्या गाडीपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. काही दिवस भारतात फॉर्च्युनरची रवानगीसुद्धा थांबली होती. त्या आठवड्यात टपरीवर तुम्ही क्रिकेटवर बोलत होता.

तळेगाव दशासरच्या शंकरपटात उभे राहिलात कधी? तिथे कोणती जोडी भारी, यावर वाद होत नाही. सेकंद मोजले जातात. त्या जातीचे बैल यंदा बाजारात किती विकले गेले, हे तिथे कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याला दाव्याला बांधतील.

तुमचा सस्पेन्शनचा मुद्दा तर सरकारनेच निकालात काढला. अकोला-अमरावती महामार्ग वर्षानुवर्षं असा होता की कंत्राटदार आले, गेले, खड्डे राहिले. तेव्हा तुम्ही म्हणायचात, या रस्त्याला एअर सस्पेन्शनच पायजे. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली आणि कतारमधल्या दोह्याचा विक्रम मोडला. आता त्या पट्ट्यावर लाल परीसुद्धा मखमलीवरून चालते. तुमच्याकडे उरलं काय, तर पॅनोरामिक सनरूफ. मे महिन्यात ४५ अंशांत तापणाऱ्या अकोल्यात डोक्यावर काचेचं छत आणि ते झाकायला वर पडदा, आणि त्या दोन्हींसाठी जादा लाख मोजणारं गिऱ्हाईक. ते तुम्ही घडवलंत. त्याचं श्रेय घ्या.

शेवटी हिशोबाचं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर आले. ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, चांगलं झालं. मोठ्या एसयूव्हीवर उपकर धरून ५० टक्के होता, तो ४० झाला आणि फॉर्च्युनर ३ लाख ४९ हजारांपर्यंत स्वस्त झाली. तुम्ही टपरीवर पेढे वाटले. त्याच्या महिनाभर आधी, १९ ऑगस्टला, परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येतो तेव्हा. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११०. एका फॉर्च्युनरवर जी सूट मिळाली ती ४३ क्विंटल कापसाएवढी. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरलं तर साडेआठ एकरांचं पीक, खत, फवारणी आणि वेचणीचा खर्च न कापता. आणि हमीभाव प्रत्यक्षात हाती पडला असं धरून, म्हणजे उदार मनाने.

हे गणित मी आमच्या शाखेच्या भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, ‘कापसाचं सोडा, त्या महिन्यात खप किती वाढला थे पाहा.’

तर भाऊ, विनंती एवढीच. साळ्याची गाडी अजून नागपुरातच उभी आहे. पार्ट येणार आहे, असं दर सोमवारी सांगतात. तुमच्या पाहण्यात गिऱ्हाईक असेल तर पाठवा. किंमत तुम्हीच ठरवा, तुमचा आकड्यांचा अभ्यास आहे. कंपनी नंबर वन आहे, हे त्याला सांगायला विसरू नका. पिवळ्या दिव्याचं आम्ही सांगू.

आपला,
एक अकोलेकर
(स्कूटरवाला)