मागच्या बाकावरच्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,



गेल्या शबाथला हझान अमिदेची प्रार्थना मोठ्याने म्हणत असताना तुमच्या जावयाने अश्दोदला फ्लॅट घेतल्याचं सगळ्या सिनेगॉगला कळलं. अभिनंदन! किंमतही कळली. पार्किंग मिळालं की नाही, हे मात्र मध्येच आमेन आल्यामुळे राहून गेलं. हझानला काळवेळच नाही.

सिनेगॉगचे मुकादम तुम्हाला काही बोलत नाहीत, त्याचं कारण तुम्ही पुरतं ओळखून आहात. १९४८नंतर आपली बेने इस्रायलांची बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मागे उरलेल्यांतून मिन्यानच्या गणसंख्येसाठी दहा पुरुष गोळा करायचे म्हणजे सकाळपासून फोनाफोनी. आणि दहावे तुम्ही! तुम्हाला बाहेर काढलं, तर सेफेर तोराची गुंडाळी हेखालाच्या कपाटाबाहेर निघत नाही.

पण हिशेब जरा नाजूक आहे. अमिदा पुन्हा म्हटली जाताना नऊ जणांनी कान देऊन आमेन म्हणायला हवं, नाहीतर हझानचे आशीर्वाद वाया गेल्यातच जमा, असं ‘शुल्हान आरुख’ हा आपला धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो. आता बोलणारे तुम्ही, ऐकणारे शेजारचे भाऊ, ‘शूऽऽ’ करणारे त्यांच्या पुढचे. नवातून तीन गेले. उरलेल्या सहांपैकी दोघे पार्किंगच्या काळजीत.

अशा वेळी बोलणाऱ्याला दटावावं, असंही त्याच ग्रंथात आहे. पण दटावणार कोण? माडीवरून काकू डोळे वटारतात, त्या तुमच्या पाठीला. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पाठीलाही ते कळत असणार, पण असो.)

क्राकोचे रब्बी योम-टोव लिपमान हेलर मला म्हणूनच आवडतात. १६४८मध्ये युक्रेनात ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या. त्या काळात त्यांनी प्रार्थनेत गप्प राहणाऱ्यांसाठी खास आशीर्वाद रचला. बोलणाऱ्यांना शाप दिला नाही. दिला असता, तरी त्यांना ऐकू कुठला जायला?

तर काका, एकच विनंती. प्रार्थना संपली की किद्दूशला मनुकांचं सरबत असतं. तेव्हा खुर्ची तुमची, आम्ही सगळे श्रोते. फ्लॅट, जावई, खंडाळ्याच्या मलिद्यात कमी पडलेलं खोबरं, सगळं सविस्तर सांगा. पण सरबताचा पेला हाती आला की तुम्ही घड्याळ बघता, ‘निघतो रे, बोलायलाही वेळ नाही’ म्हणता आणि जिना उतरता.

आपला,
पुढच्या बाकावरचा