ट्यूबवाले नाना

रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली की दोन मिनिटांत जो गृहस्थ न बोलावता बॉनेटखाली मान घालतो, त्याची ओळख करून द्यायला नको. तो गावोगाव असतो. आमच्या कळंबला त्याला नाना म्हणतात. नाना मेकॅनिक नाहीत, गॅरेजवाले नाहीत, पंक्चरवालेसुद्धा नाहीत. भातशेती करतात. फक्त खांद्यावर जिथे टॉवेल असायला हवा, तिथे सायकलची जुनी ट्यूब असते.

"शेठ, हवा धरलीय हिनं," हे त्यांचं पहिलं वाक्य. गाडी कुठलीही असो, बिघाड कुठलाही असो. बॅटरी उतरलेली असो, पेट्रोल संपलेलं असो, हवा धरलीय. आणि चीड आणणारी गोष्ट अशी की मुंबईकरांच्या फार्महाऊसवर ठेवलेल्या गाड्यांपैकी निदान काहींनी खरोखरच हवा धरलेली असते.

त्याचं कारण आमचे उंदीर. आठवडाभर फार्महाऊसच्या पडवीत उभी असलेली गाडी हे त्यांचं बिनभाड्याचं घर. कर्जत-3 जातीचं भात खाऊन तोंडाला चव राहिली नाही की ते फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाकडे वळतात. उंदरांनी सोडला तर तो पाइप इंजिनाच्या उष्णतेनं आणि तेलाच्या वाफेनं कडक होतो. मग सोमवारी पहाटे नेरळ स्टेशनला कुणाला तरी सोडायला निघालेली गाडी कळंबच्या नाक्यावरच आचके द्यायला लागते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि नाना कुठून तरी उगवतात.

पहिली तपासणी हातानं. फिल्टरच्या तोंडावर तळवा दाबून धरायचा. हवा तिथूनच येत असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. नाही पडलं, तर दुसरीकडून हवा मिळतेय. मग नाना पाइप काढतात आणि त्याच्या घड्या एकेक करून वाकवून बघतात. सरळ धरला तर पाइप नवाकोरा वाटतो. घडीच्या तळाशी केसाएवढी काळी रेघ असते, ती वाकवल्यावर उघडते आणि आतला उजेड दिसतो. ती सापडली की नानांचा चेहरा खुलतो. "बघा शेठ, हसतंय कसं!"

इथवर ठीक आहे. पुढे व्याख्यान. गाडीवाल्याची लोकल सुटायची वेळ झालेली असते आणि नाना मातीत काडीनं नदीवरचा पंप काढत असतात. पंपाच्या सक्शन पाइपला टाचणीएवढं भोक पडलं तरी पंप हवा धरतो, मोटर घुमत राहते, पाणी येत नाही. शेतकरी काय करतो? सायकलची ट्यूब आवळतो. इंजिन म्हणजे तरी काय? पंपच. तो पाणी ओढतो, हे हवा ओढतं. इंजिनिअरिंगचं शिक्षण न घेता काढलेला हा सिद्धांत दुर्दैवानं बरोबर आहे. नव्या पेट्रोल गाड्यांपैकी अनेकींत फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं साधारण 14.7 भाग हवा, या हिशेबानं गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. सेन्सरच्या पुढे पाइप चिरला की न मोजलेली हवा आत शिरते, हिशेब चुकतो आणि गाडी आचके देते. नानांच्या भाषेत, "बाराशे लिहिलेत नि पंधराशे आत गेलेत."

आता प्रत्यक्ष उपचार. पेट्रोलच्या फडक्यानं पाइप पुसायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, पंक्चरवाल्याचं सोल्युशन लावायचं. मग ट्यूब उभी चिरून दोन बोटं रुंदीची पट्टी काढायची आणि ताणून गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. शेवट बाइंडिंगच्या तारेनं आवळायचा. "रबर ताणल्याशिवाय धरत नाय," हे दुसरं वाक्य. हे ते मुलांच्या अभ्यासाबद्दल, गावकीच्या बैठकीबद्दल आणि एकदा एका नवरा-बायकोच्या भांडणाबद्दलही म्हणाले आहेत.

कळंबमध्ये या बाबतीत पंथ आहेत. एक निवृत्त गुरुजी एम-सीलचे. एक किराणा दुकानदार इन्सुलेशन टेपचे. चहाच्या टपरीवर या दोघांची नि नानांची गाठ पडली की चहा गार होतो. नाना म्हणतात, एम-सील दगडासारखं घट्ट होतं. इंजिन हलतं, दगड हलत नाही, मग त्याच्या शेजारी नवी चीर पडते. टेपचा डिंक इंजिनाच्या गरमीनं पाघळतो, आणि सुटलेलं टोक सरळ इंजिनाच्या पोटात ओढलं जायची भीती. दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. गुरुजींनी ते अजून मान्य केलेले नाहीत, कारण नाना त्यांचे विद्यार्थी होते.

घरी काकूंनी लढा सोडून दिलाय. मिक्सरच्या झाकणाला ट्यूब, छत्रीच्या मुठीला ट्यूब, मोरीच्या नळाला ट्यूब, चष्म्याच्या काडीला ट्यूबचं बारीक कंकण. नातवाची क्रिकेटची बॅट तर अर्धी रबराची आहे. चेंडू लागला की फलंदाजाआधी चेंडू चकित होतो. फक्त गॅसच्या शेगडीची नळी काकूंनी वाचवली. "हिला हात लावलात तर माहेरी जाईन," असं त्या म्हणाल्या, तेव्हा नानांनी क्षणभर विचार केल्याचं शेजारी सांगतात.

नानांची स्वतःची ओम्नी कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे नानांशेजारी बसणाऱ्याला वाटेत दोनदा तरी उतरावं लागतं. सीट उचलायची असते. आत बघितलं तर मूळ पाइप कुठे संपतो आणि ट्यूब कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. माझ्या मते मूळ पाइप आता उरलेलाच नाही, वेढेच एकमेकांना धरून आहेत. तिची परीक्षा माथेरानचा घाट. नेरळहून निघून दस्तुरी नाक्यावर पोचली की पास. त्यापुढे माथेरानात मोटारींना बंदी आहे, हे गावाचं नशीब.

एकदाच त्यांची फजिती झाली. एका डिझेल गाडीचा टर्बोपुढचा पाइप फाटला होता. पिकअप नाही, मागे काळा धूर, चढावर शिट्टी. नानांनी ट्यूब ताणून बांधली. पण टर्बोच्या पुढचा पाइप हवा ओढत नाही, दाबानं ढकलतो, आणि ती हवा तापलेली असते. काशेळ्याकडे जाताना चालकानं पाय दाबला, पट्टी फुग्यागत फुगली आणि असा बार झाला की शेतातले बगळे उडाले. नानांनी त्या रात्री जेवण केलं नाही. सकाळी टपरीवर येऊन एवढंच म्हणाले, "ट्यूब टायरच्या आत असेपर्यंतच शूर." तेव्हापासून टर्बोपुढच्या पाइपाला ते हात लावत नाहीत. गुरुजी मात्र तो बार दर आठवड्याला एकदा टपरीवर वाजवतात.

अलीकडे नाना बॉनेट उघडतात आणि गप्प होतात. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत वर एक काळं प्लास्टिकचं झाकण, खाली आणखी पाइप, आणखी सेन्सर. हात शिरायला जागा नाही. ट्यूबसुद्धा मिळेनाशी झालीय. पोरं शाळेत सायकलनं जात तेव्हा नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे जुन्या ट्यूबांचा ढीग असे. आता पोरांना मोटरसायकल लागते आणि ते दुकान मोबाइलच्या रिचार्जचं झालंय.

खरं म्हणजे या माणसाचं कौतुक करायचं नाही, असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण मागच्या जुलैत पाऊस लागला होता आणि गावाबाहेरच्या फरशीवरून पाणी जात होतं. नाना छत्री घेऊन (मुठीला ट्यूब) तिथे उभे. स्वतः पट्टी मारलेल्या गाड्या ओळखून ओळखून अडवत होते. फाटक्या पाइपातून पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिनाचा खर्च हजारांत जातो. एक शेठ काच खाली करून म्हणाले, "नाना, तुम्हीच तर दुरुस्त केलंत!" नाना भडकले. "कर्जतपर्यंत जाईल म्हनलो होतो. कर्जतला जाऊन नवीन पाइप टाका म्हनलो होतो. दोन पावसाळे झाले, शेठ!"

शेठनी काच वर केली. त्यांचा तरी काय दोष? आपल्याकडे खड्ड्यात टाकलेला मुरूम, हंगामी भरती झालेला शिक्षक आणि पाइपावरची पट्टी या गोष्टी निवृत्तीपर्यंत टिकतील अशीच आपली समजूत. नानांनी कर्जतपर्यंतची सोय केली. तिच्यावर दोन वर्षं चालवणारा माणूस पट्टीला हसतो आणि नानांना जुगाडू म्हणतो.

म्हणून सांगतो, नाक्यावर नाना भेटले तर व्याख्यान ऐका, पट्टी मारून घ्या, चहा पाजा; पैसे ते घेत नाहीत. मग सरळ कर्जतला जा आणि नवा पाइप टाका. आणि माळ्यावर सायकलची जुनी ट्यूब पडली असेल तर येताना घेऊन या. साठा संपत आलाय.