ओरिजनलवाले काका

रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या लोखंडापुढे उकिडवे बसून भिंगातून नळ्या न्याहाळणारे साठीचे गृहस्थ दिसले, तर ते पुरातत्त्व खात्याचे समजू नयेत. ते ओरिजनलवाले काका. विकणारा समोरच्या सायकलीला भंगार म्हणतो. काका तिच्या मागच्या हबवर ओला अंगठा घासतात आणि एकदम उजळतात. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर बनावटीचं साल ठोकलेलं असतं. “बावन्न!” काका पुटपुटतात. घासाघीस तिथेच संपते, कारण उजळलेल्या गिऱ्हाइकाला भाव कोण कमी करणार?

“अहो, एवढ्यात नवी कोरी आली असती,” काकू म्हणतात. काकांना त्यांची कीव येते. नवी कुणालाही मिळते. ही रॅले आहे, आणि तीही आसनसोलच्या सेन-रॅलेची नव्हे, थेट नॉटिंगहॅमची. पुढचे काही दिवस बाथरूममधली बादली डिझेलची, ओट्यावरचा चिंचेचा कोळ हँडलच्या गंजाचा, आणि आमटी आमसुलाची.

खरा सामना मात्र मिस्त्रीच्या दुकानात.

“चालू करून देतो की, काका. लुधियानाचा माल टाकतो, वायसर लावतो, चार वर्षं बघायला नको.”

“लुधियानाचा? रॅलेला?” देव्हाऱ्यात कुणी चप्पल ठेवल्यासारखा काकांचा स्वर.

गंमत म्हणजे इथे काकांच्या बाजूने खुद्द कारखानाच उभा असतो. इतर इंग्रजी सायकलींच्या बीबीच्या, म्हणजे पेडलच्या आसाच्या, कपाला इंचाला 24 आटे, तर रॅलेने स्वतःचे 26 ठेवले. बाजारातला कप थोडा फिरतो आणि अडतो. मिस्त्री जोर लावू पाहतो, काका त्याचा पान्हाच धरतात. रिमचीही तीच तऱ्हा: जुन्या चालीत पुढे 32 आरे आणि मागे 40, आणि दुकानात टांगलेल्या रिमा दोन्हीकडे 36 भोकांच्या. नॉटिंगहॅमला विचारावं, तर तिथलं उत्पादन 2002 मध्येच थांबलेलं. मग कोलकात्याच्या कुणा समदुःखी माणसाला फोन जातो, फोटो येतात, आणि काका रात्री एकपर्यंत मोबाइलवर आटे मोजत बसतात. खर्चाची वही काकूंच्या हाती लागू नये म्हणून ती टूलबॉक्समध्ये, कॉटर पिनांच्या डबीखाली.

रंगाला पावडर कोटिंगचं नाव काढायचं नाही. काळा इनॅमल, त्यावर सोनेरी रेघ, तीही पाट्या रंगवणाऱ्या म्हाताऱ्या पेंटरच्याच हातची. ब्रूक्सची चामडी सीट पूर्वीच्या मालकाच्या बैठकीप्रमाणे दबलेली आहे, काकांना ती टोचते. पण बदलायची कशी? ओरिजनल आहे.

अखेर 26 आट्यांचा कप सापडला, फक्त तो एका लेडीज रॅलेत बसवलेला होता. काकांनी ती अख्खी उचलली, “पार्टपुरती” असं काकूंना सांगून. ती सध्या बाल्कनीत उभी आहे. कप अजून तिच्यातच आहे. इतकी चांगली सायकल मोडणं काकांच्या जिवावर येतं, आणि तिला चेनकव्हर तेवढं हवंय.