छतारोहण: एक सीमाभागीय विवेचन

शहरातील एरवी कोणी न फिरकणाऱ्या जागा, म्हणजे बंद गिरण्या, ओस वखारी आणि इमारतींची छपरे, केवळ पाहण्याच्या ओढीने पालथ्या घालण्याच्या छंदास पाश्चात्त्य जगात ‘अर्बन एक्सप्लोरेशन’ म्हणतात, आणि केंब्रिजच्या इमारतींवर रात्री चढणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीचे ‘द नाइट क्लाइंबर्स ऑफ केंब्रिज’ हे पुस्तक १९३७ साली ‘व्हिपलस्नेथ’ या टोपणनावाने प्रसिद्धही झाले. बेळगावात हा छंद टोपणनावाने जोपासता येत नाही, कारण छपरावर कोण चढले आहे आणि तो कोणाचा नातू, हे गल्लीला तत्काळ कळते.

वस्तुतः या भागात छपरावर जाण्याचे कोणालाच अप्रूप नव्हते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढलेल्या कारखान्यापासून ज्यांचा प्रसार झाला, ती मंगलोरी कौले येथील घरांवरही बसली आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, म्हणजे फुटकी कौले बदलून छप्पर नीट करणे, हे वार्षिक कर्तव्य ठरले. जेथे दोन कौले एकमेकांवर बसतात आणि खाली रीप, म्हणजे आडवी लाकडी पट्टी, असते, तेथेच पाऊल टाकावे, हे शाकारणाऱ्यास सवयीने ठाऊक असते. हौशी आरोहकास ते कौल मोडल्याचा आवाज आल्यावर उमगते. निपाणीतील तंबाखूच्या वखारींत अडचण निराळी असून तेथे दबक्या पावलांनी शिरणाऱ्याचे गुपित पहिल्या शिंकेपर्यंतच टिकते.

दाटीच्या गल्लीत घरे एकमेकांना लागून असल्याने एका गच्चीवरून दुसरीवर जाणे सोपे, परंतु राज्यांच्या सीमाप्रश्नाचे घोंगडे १९५६ पासून भिजत पडले असले, तरी सामाईक भिंत ओलांडून शेजारच्या सांडग्यांत पाय पडल्यास उद्भवणाऱ्या सीमाप्रश्नाचा निकाल जागच्या जागी लागतो.

खरी उणीव धाडसाची नसून निमित्ताची आहे. सांडगे वाळत घालणारी आजी आणि शाकारणारा गडी यांना कोणी हटकीत नाही, आणि पूर्वी अँटेना फिरवून ‘आलं काय?’ असे ओरडणाऱ्या मुलासही कोणी हटकीत नसे. पण ‘काय करालास रे वर?’ या प्रश्नास ‘बघालोय’ असे उत्तर देणारा एक तर चोर ठरतो किंवा लग्नाच्या वयाचा. यास्तव होतकरू आरोहकाने दोर आणि बूट घेण्यापूर्वी हातात धरण्यास एक शाबूत कौल घ्यावे. मात्र ते दिसताच ‘आमचंबी तेवढं एक बदल की’ अशी हाक येणे अटळ असल्याने दोन घ्यावीत.