स्टेटस लाल कोण करणार?

प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधली आजची 80 टक्के कामं 2030 सालापर्यंत एआयमुळे संपतील, असं भाकीत गार्टनर या सल्लागार कंपनीनं 2019 मध्ये केलं होतं. तेव्हा चॅटजीपीटी यायला तीन वर्षांहून जास्त अवकाश होता. आता ते भाकीत पुन्हा सादरीकरणांतून फिरतं आहे आणि ते दाखवून माणसं कमी करण्याचे बेत आखले जात आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. कामांची नुसती यादी मोजली, तर 80 टक्के हा आकडा खरा ठरू शकतो. पण जी कामं जातील, त्यांच्यामुळे आजवर कुठलाही प्रोजेक्ट बुडाला नव्हता. प्रोजेक्ट बुडतात ते उरलेल्या 20 टक्क्यांत.

जाणार काय, ते पाहू. मीटिंगचे मिनिट्स. शुक्रवारचा स्टेटस रिपोर्ट. जिरा या काम-नोंदीच्या सॉफ्टवेअरमधली तिकिटं इकडून तिकडे हलवणं. ‘कालच्या मेलचं काय झालं’ म्हणून चार जणांच्या मागे लागणं. प्लॅनचा पहिला मसुदा. क्लायंटच्या लांबलचक मेल-साखळीचा सारांश. हे सगळं आजच बऱ्यापैकी होतं. मीटिंगला कोपायलटसारखा एआय मदतनीस बसवला, की कोण काय बोललं आणि कुणाच्या अंगावर कोणतं काम आलं याची यादी मीटिंग संपताच हातात पडते. आपण एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी बोलतो तिथे तो अडखळतो, त्यामुळे यादी वाचून घ्यावी लागते. तरी तास-दीड तास वाचतोच. हे काम जातंय याचा मला मनापासून आनंद आहे. चांगली इंजिनियर मंडळी बढती मिळून मॅनेजर होतात आणि पुढची दहा वर्षं एक्सेलचे रकाने रंगवतात. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत आपल्या आयटीनं केलेली ही मोठी नासाडी आहे.

ज्याचं काम फक्त इकडची माहिती तिकडे पोचवण्याचं आहे, त्याची नोकरी धोक्यात आहे. हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. पीएमओमधल्या, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसातल्या, नव्या मुलामुलींवर ही कुऱ्हाड सगळ्यात आधी पडेल. त्यात त्यांचं दुहेरी नुकसान आहे, कारण मिनिट्स लिहिता लिहिता, वरिष्ठांची खडाजंगी कोपऱ्यात बसून ऐकता ऐकताच मॅनेजरचं काम शिकता यायचं. ती पायरीच काढून टाकली, तर दहा वर्षांनी मुरलेले मॅनेजर आणणार कुठून? या प्रश्नाचं उत्तर माणसं कमी करणाऱ्यांनी द्यायला हवं. मी तरी अजून ऐकलेलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 1970च्या दशकात ते इस्रायलमध्ये शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात होते. पुस्तकाचा विषय होता, निर्णय कसे घ्यावेत. वर्षभर काम झाल्यावर कानेमन यांनी सगळ्यांना सांगितलं, पुस्तक पुरं व्हायला अजून किती वेळ लागेल ते आपापल्या कागदावर लिहा. उत्तरं आली दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान. गटात सेमूर फॉक्स नावाचे अभ्यासक्रमांचे जाणकार होते. त्यांना कानेमन यांनी दुसरा प्रश्न विचारला: आपल्यासारखे गट तुम्ही पाहिले आहेत, त्यांना किती वेळ लागला? फॉक्स जरा गप्प झाले. मग म्हणाले, त्यांतल्या साधारण 40 टक्के गटांचं काम कधी पुरंच झालं नाही. ज्यांचं झालं, त्यांना सात ते दहा वर्षं लागली. आणि आपला गट त्यांच्या तुलनेत सरासरीहून थोडा खालचाच आहे. याच फॉक्स यांनी थोड्याच वेळापूर्वी स्वतःच्या कागदावर दोन वर्षांच्या आसपासचा आकडा लिहिला होता.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. हे सगळं ऐकल्यावर गटानं थोडा वेळ चर्चा केली आणि काम होतं तसंच चालू ठेवलं. पुस्तक तयार झालं आठ वर्षांनी. तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळला होता. पुस्तक वापरलंच गेलं नाही.

फॉक्स यांच्या खुर्चीवर एआय बसवून पाहा. जी माहिती फॉक्स यांना दुसऱ्यांदा विचारल्यावर आठवली, ती एआय पहिल्या फटक्यात काढून देईल. ते संकोचणार नाही, गप्प होणार नाही, कुणाचं मन राखणार नाही. हा फायदा खरा आहे आणि मी तो लहान मानत नाही. पण त्या खोलीत माहितीची अडचण पाच मिनिटांत संपली होती. पुढची सगळी वर्षं वाया गेली, ती ऐकलेलं न मानल्यामुळे. ‘बाकीच्यांचं ठीक आहे, आपलं तसं होणार नाही’ असं समोर बसलेल्या जाणत्या माणसाला सांगणारे लोक स्क्रीनवरच्या आकड्याला काय भीक घालणार?

शिवाय आपल्या ऑफिसांत यंत्रापर्यंत खरी माहिती पोचते कुठे? इंजिनियर म्हणते, सहा आठवडे लागतील. टीम लीड पाच लिहितो, कारण मागच्या वेळी सहा म्हटल्यावर त्याला बोलणी बसली होती. मॅनेजर पाचाचे चार करतो. सेल्सवाल्यांनी तर क्लायंटला तीन आठवडे आधीच कबूल केलेले असतात. सिस्टिममध्ये तोच तीनचा आकडा जातो. मग दर शुक्रवारी स्टेटस हिरवं, पुन्हा हिरवं, पुन्हा हिरवं, आणि डिलिव्हरी तोंडावर आली की एकदम लाल. या क्षेत्रातले लोक अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवं आणि आतून लाल. एआय हा रिपोर्ट घेतं, त्याची भाषा सुधारतं, त्याला आलेख जोडतं आणि खोटं हिरवं नीटनेटकं करून संचालकांपुढे ठेवतं. पूर्वी खोटा रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्याच्या कपाळावर निदान घाम तरी दिसायचा.

मुरलेला मॅनेजर काय करतो ते मी पाहिलं आहे. ‘नव्वद टक्के झालंय’ हे वाक्य सलग तिसऱ्या आठवड्यात कानावर आलं, की तो लॅपटॉप मिटतो आणि ते म्हणणाऱ्या मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो. काय अडलंय, असं विचारतो. पाच मिनिटांनी कळतं, की दुसऱ्या टीमकडून मिळायची गोष्ट अजून मिळालेलीच नाही आणि तिथला माणूस फोन उचलत नाही. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलंय हे एआय नक्की दाखवू शकेल, आणि त्यानं ते दाखवावंच. पण ‘अडलंय’ हे त्या मुलीनं कुणाला सांगायचं? खरं सांगितलं तर हा माणूस अप्रेझलमध्ये आपल्यावर सूड उगवणार नाही, असा भरवसा वाटतो त्यालाच ती सांगणार. तो भरवसा वर्षानुवर्षांच्या वागणुकीतून येतो, लायसन्स विकत घेऊन येत नाही.

आयटीच्या बाहेर पाहा. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं. रोह्यापासून मंगळुरापर्यंतचा मार्ग पाच वर्षांत पुरा करायचा, असं ठरलं होतं. सबंध मार्ग खुला झाला जानेवारी 1998 मध्ये. प्रमुखपदी ई. श्रीधरन यांच्यासारखा वेळेचा पक्का माणूस असताना! गणितं चुकली म्हणून हा उशीर झाला नाही. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून आंदोलन उभं राहिलं आणि तिथलं काम काही काळ थांबलं. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. उलट महाराष्ट्रात जमीन लवकर हाती आली, कारण महामंडळाची माणसं जमीनमालकांच्या दारात स्वतः गेली, त्यांच्याशी बोलली. आज तसाच बोगदा खणायचा झाला, तर मातीच्या हालचालीच्या नोंदी वाचून धोक्याचा इशारा एआय कदाचित लवकर देईल. त्यानं कामगारांचे जीव वाचतील. एवढ्यासाठी तरी ते वापरलंच पाहिजे. पण पडवीत बसलेल्या आजोबांना ‘तुमची आंब्याची कलमं तोडावी लागणार’ हे सांगायला माणसालाच जावं लागेल, आणि त्यांचा राग ऐकून घ्यायला पुन्हा दुसऱ्या दिवशीही जावं लागेल.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाची पायाभरणी 1988 मध्ये झाली. सुरुवातीचा अंदाज 372 कोटी रुपयांचा होता. तो वाढत 18 हजार कोटींच्या वर गेला. पुनर्वसन, भूसंपादन, अपुरा निधी, कंत्राटांच्या चौकशा. यांतली एकही गाठ सॉफ्टवेअरनं सुटणारी नाही. जो तसं सांगेल, तो तुम्हाला काहीतरी विकायला आलेला आहे.

आता ज्याची मला खरी चीड येते ते. एस्टिमेट द्यायला बसलं की हल्ली वरून फर्मान येतं: ‘आता एआय आहे ना, मग तीस टक्के कमी करा.’ हे तीस आले कुठून? कुणी मोजले? 2025 मध्ये एमईटीआर या संशोधन संस्थेनं 16 अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रॅमरना घेऊन चाचणी केली. कामं खरीखुरी, एकूण 246. कोणतं काम एआय वापरून करायचं आणि कोणतं न वापरता, हे सोडत काढावी तसं ठरवलेलं. सुरुवातीला प्रोग्रॅमरना वाटत होतं, 24 टक्के वेळ वाचेल. प्रत्यक्षात 19 टक्के जास्त लागला. आणि सगळं संपल्यावरही त्यांना वाटत होतं, की आपला 20 टक्के वेळ वाचला! चाचणी लहान होती, साधनं त्यानंतर सुधारली आहेत आणि नव्या कोडवर अनुभव वेगळा येऊ शकतो. म्हणून एआयनं वेळ वाढतोच, असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच, की वाटणं आणि घड्याळ यांच्यात इतकी मोठी दरी पडू शकते, आणि आपली एस्टिमेटं तर वाटण्यावरच उभी असतात. न मोजता कापलेले तीस टक्के शेवटी टीमच्या शनिवार-रविवारमधून वसूल होतात. हा अन्याय आहे.

जबाबदारीचा प्रश्नही आहेच. ऑस्ट्रेलियन सरकारच्या रोजगार खात्यासाठी डेलॉइट या सल्लागार कंपनीनं 4 लाख 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर घेऊन एक अहवाल केला. त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले, न्यायालयाच्या निकालातलं एक बनावट अवतरणही निघालं. एआय वापरल्याची कबुली दुरुस्त आवृत्तीत आली. ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीनं फीचा काही भाग परत करायचं मान्य केलं. चूक यंत्राची असो वा माणसाची, पैसे परत मागायला लोक सही करणाऱ्याकडेच येतात. प्रोजेक्ट मॅनेजरनं हे कोरून ठेवावं.

मग एआयचा खरा उपयोग कुठे? बेंट फ्ल्युबियर्ग या डॅनिश अभ्यासकानं जगभरच्या 16 हजारांहून जास्त प्रकल्पांची माहिती गोळा केली. ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या वेळेत बसलेले प्रकल्प निघाले 8.5 टक्के. खर्च, वेळ आणि कबूल केलेला फायदा, तिन्ही जमलेले फक्त अर्धा टक्का. त्यांचा उपाय साधा आहे: स्वतःच्या प्लॅनकडे बघून तारीख काढू नका, आपल्यासारखी जुनी कामं किती लांबली ते आधी बघा. हे काम एआयला उत्तम जमेल, पण त्यासाठी जुन्या नोंदी खऱ्या हव्यात. आपल्याकडे तारीख पुढे ढकलली की रिबेसलाइन केलं म्हणतात, आणि त्या क्षणापासून प्रोजेक्ट पुन्हा वेळेवर धावू लागतो. पहिली तारीख रिपोर्टमधून गायब. पाच वेळा पुढे गेलेला प्रोजेक्ट शेवटी ‘वेळेत पूर्ण’ म्हणून जमा होतो. अशा इतिहासावर शिकवलेलं एआय आपल्याला हेच सांगणार, की या कंपनीत कधी उशीर होतच नाही.

म्हणून एआयची खरेदी करणाऱ्या संचालकांनी आधी हे करावं: प्रत्येक प्रोजेक्टची अगदी पहिली तारीख आणि पहिला खर्च कुणालाही पुसता येणार नाही असा जपून ठेवावा. एस्टिमेट कापण्याआधी तीन महिने स्वतःच्याच टीमवर, घड्याळ लावून मोजावं. मिनिट्स यंत्र लिहील, तरी नव्या मुलांना त्या मीटिंगमध्ये बसू द्यावं. आणि वेळेवर लाल दाखवणाऱ्याची बढती अडवू नये. याला पैसे लागत नाहीत.

आणि या शुक्रवारी रिपोर्ट भरायला बसणाऱ्या मंडळींनो, मसुदा खुशाल एआयकडून घ्या. रंगाचा रकाना मात्र स्वतः भरा. ज्या कामाची तारीख चुकणार हे तुम्हाला आजच माहीत आहे, ते आजच लाल करा, आणि रिपोर्ट पाठवण्याआधी क्लायंटला फोन करा.