हक्कसोडपत्र

अमेरिकेचं नागरिकत्व घेताना एका शपथेत बरंच काही कबूल करावं लागतं. परक्या राजावरची, राज्यावरची निष्ठा साफ सोडतो, हे एक. कायद्याने फर्मावलं तर अमेरिकेसाठी शस्त्र उचलीन, हे दुसरं. घरातला उंदराचा पिंजराही शेजाऱ्याकडून उघडून घेणारा अमेरिकेतल्या एडिसन गावचा आपला मराठी माणूस उजवा हात वर करून हे सगळं म्हणतो, चिमुकला झेंडा हलवतो आणि फोटो ग्रुपवर टाकतो.

त्याआधी परीक्षा असते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर आले की पास. स्कॉलरशिपला रगडून निघालेल्यांना यात काय अवघड? आणि कारणही भक्कम असतं. ग्रीन कार्डावर आईवडिलांना कायमचं बोलावता येत नाही, नागरिकाला येतं. नातवंडं कुणी सांभाळायची?

आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा मात्र कोरडा. स्वखुशीने दुसऱ्याचे झालात, आमचे राहिला नाहीत! २०२३ साली अशी २ लाख १६ हजार २१९ माणसं देशाच्या खात्यातून वजा झाली.

वजा झालेला माणूस लगेच ओसीआय कार्डाचा अर्ज भरतो. त्यावर आजन्म व्हिसा मिळतो. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मतदानाचं त्याला दुःख नाही, मत तो व्हॉट्सअ‍ॅपवर रोज देतोच. शेतजमिनीचा नियम मात्र त्याने नीट वाचलेला असतो. विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते!

मग तलाठ्याला फोन. सातबाऱ्यावर वारसनोंद. अठरा गुंठे, सहा वाटेकरी. गावातला धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, तू काय आता कसायला येणार हाईस? हक्कसोड करून दे की." दादाचा गळा दाटतो. "अरे, काळी आई आहे ती. आईला कुणी सोडतं का?" याच घरात बहिणींच्या सह्या एकेका साडीवर झाल्या होत्या, तेव्हा कुणाचाच गळा दाटला नव्हता.

एकशे चाळीस कोटींच्या देशाचं हक्कसोडपत्र हसत देणारा माणूस तीन गुंठ्यांपाशी अडतो. त्याचा दोष नाही. त्या शपथेत राजा आहे, राज्य आहे, सार्वभौम सत्ता आहे. सामाईक बांध कुठेच नाही. मसुदा लिहिणाऱ्याला भावकी नसावी.