नियोजन आयोग, शाखा मालवण

दिल्लीतला नियोजन आयोग गेला आणि 2015 साली त्याच्या जागी नीती आयोग आला, ही बातमी मालवणात कुणी फारशी मनावर घेतली नाही. आमचा आयोग शाबूत होता. हा आयोग म्हणजे एकच माणूस. वय पंचावन्न, नोकरीतून स्वेच्छानिवृत्त, मुक्काम पोस्ट भरडावरची चहाची टपरी. गेली सात वर्षं तो आम्हाला धामापूरच्या रानातून चालत समुद्रावर नेतो आहे. म्हणजे नेणार आहे.

योजना ऐकताना माणूस विरघळतो, हे कबूल केलं पाहिजे. पहाटे धामापूर. 1530 साली बांधलेला तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यावर धुकं. मग काळशावरून कर्लीच्या कडेकडेने, वाटेत देवाची एक जुनी राई ओलांडून, सूर्य बुडायच्या आत तारकर्लीच्या वाळूत पाय. 2020 साली त्या तलावाला सिंचनाच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा पहिला पाट आपणच फोडल्यासारखा हा महिनाभर फिरत होता. तक्त्यात ‘वारसा’ नावाचा नवा रकाना आला तो त्याच महिन्यात.

तक्त्याशिवाय या माणसाचं वर्णन पुरं होत नाही. नाव, रक्तगट, बुटाचा नंबर. पुढे आहार : शाकाहारी, मासे चालतात, मासे चालतात पण सोमवारी नाही. ‘गवा समोर आल्यास’ या रकान्यात ‘शांत राहावे’ एवढंच आहे. कुणी, ते लिहिलेलं नाही.

आता अडचण तारखेची. पावसात जळवा, म्हणून नको. श्रावणात उपास. गणपतीत मालवणी माणसाला घराबाहेर काढणं कलेक्टरलाही जमायचं नाही. मग भातकापणी. ती उरकते तोवर गावोगावच्या जत्रा आणि रात्र रात्र दशावतार. पहाटे चारला निघायचं तर पहाटे चारला राजा अजून राक्षसाशी लढत असतो. पुढे मोहोर, फवारणी, शिमगा, आणि मग आंबा. आंब्याच्या दिवसात चालायला जाऊया म्हणणारा माणूस एकतर बागायतदार नसतो किंवा शुद्धीवर नसतो. वर्षाचे असे तीनशे पासष्ट दिवस वजा केल्यावर जे उरतात, त्यांत भरती-ओहोटी जुळावी लागते.

त्यासाठी त्याने मोबाइलमध्ये अ‍ॅप घेतलं, पैसे भरून. एकदा मासळीबाजारात तो ते उघडून बसलेला असताना समोरच्या मावशीने सुरमईचा तुकडा पाडता पाडता विचारलं, “आज तिथ खंयची?” अष्टमी. “मगे पाऊणकी कर. आठाची सा. सा वाजता भरती. आनी आज भांग, पानी काय चडाचा नाय.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब इथे पिढ्यान् पिढ्या तोंडी आहे. अ‍ॅपने अर्ध्या मिनिटाने साधारण तेच सांगितलं. आयोगाने तक्त्यात दोन्ही वेळा लिहिल्या आणि ‘तफावत तपासणे’ असा शेरा मारला.

मला राहून राहून आचऱ्याची गावपळण आठवते. तीन-चार वर्षांनी रामेश्वर कौल देतो आणि अख्खं गाव गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जातं. म्हातारी जातात, तान्ही जातात. कुणाचा रक्तगट कुणी विचारत नाही. हे मी एकदा टपरीवर बोललो. तो दुखावला. “त्यांच्याकडे कौल आहे,” तो म्हणाला, “माझ्याकडे फक्त तुम्ही आहात.”

त्या वाक्याची लाज वाटून गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण खरोखर निघालो. राईपर्यंत सगळं तक्त्याबरहुकूम, फक्त दोन तास उशिरा. राईच्या तोंडाशी तिथले गावकर बसले होते. त्यांचा प्रश्न एकच : “देवाक इचारलास?” सात वर्षांत हा रकाना कुणाला सुचला नव्हता.

गाऱ्हाणं घालायचं ठरलं. पायातलं बाहेर काढायचं, आतली काटकीसुद्धा उचलायची नाही. त्या राईत कुऱ्हाड गेली नाही ती याच धाकामुळे. समिती नेमली असती तर आज तिथे काजूची बाग दिसली असती. आयोगाचे बूट मात्र नवेकोरे, घोट्यापर्यंत चढणारे, घेतल्या किमतीचा उच्चार तो घरातही करत नाही. तो म्हणाला, तुम्ही जा, मी सगळ्यांचं सांभाळतो.

आत भर दुपारी संध्याकाळ होती. गारंबीच्या वेली मांडीएवढ्या जाड, झाडांवरून झाडांवर गेलेल्या. वरून एक धनेश गेला, तर पंखांचा आवाज इंजिन वाफ सोडतं तसा. आम्ही मुकाट उभे राहिलो. गावकरांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा! ही लेकरां तुझ्या रायेतसून चलान दर्याक जातत, तेंका जनावरापासून राख रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आनी जो भायर व्हाणां राखीत बसलो हा, तेकाय सांभाळून घे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” हे आम्ही जरा जास्तच जोरात म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा त्याने आमची पायताणं नंबराप्रमाणे ओळीत लावून ठेवली होती : सहा, सात, आठ, आठ, नऊ. ऊन कलत आलं होतं आणि समुद्र अजून बराच लांब होता. त्याने खिशातून तक्ता काढला, एक फोन लावला. पंधरा मिनिटांत दोन रिक्षा आल्या. दोघांचेही नंबर ‘आपत्कालीन’ रकान्यात पहिल्या वर्षापासून होते.